हंगेरीची संत एलिझाबेथ आणि तिच्या नावाचा प्रवास

येत्या १७ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा हंगेरीच्या संत एलिझाबेथचा स्मरणदिन साजरा करते. आपल्या धर्मग्रामात या नावाच्या स्त्रिया कमी नाहीत. कुणी एलिझाबेथ, कुणी एलिझा, कुणी लिझी. एल्सी आणि बेट्टीही त्यातल्याच. आजीच्या पिढीत एखादी इझाबेल हमखास सापडते. ही सारी नावे मुळात एकच आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून यंदा संत एलिझाबेथच्या चरित्राबरोबर तिच्या नावाचीही थोडी ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरविले.

हे नाव युरोपातले नाही. ते हिब्रू आहे, आणि पवित्र शास्त्रात ते पहिल्यांदा येते ते निर्गमाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात. मोशेचा भाऊ अहरोन याच्या पत्नीचे हे नाव. हिब्रूत त्याचा उच्चार एलिशेबा असा काहीसा होतो. त्यातील 'एल' म्हणजे देव, आणि 'शेबा' या भागाचा संबंध शपथेशी आहे. देव हीच माझी शपथ, देवाने शपथ वाहिली आहे, असा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. हिब्रूत शपथ आणि सात हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्यामुळे काही अभ्यासक 'देव ही माझी पूर्णता' असाही अर्थ लावतात. बैर-शेबा या गावाच्या नावात हाच शब्द आहे. तेथे अब्राहामाने सात कोकरे वेगळी काढून शपथ वाहिली होती, ही कथा उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात आपण वाचतो.

जुना करार ग्रीक भाषेत गेला तेव्हा एलिशेबाची एलिसाबेथ झाली. शेवटचा 'थ' तिथून आला, तो आजतागायत टिकून आहे. संत लूक आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहितो, त्यामुळे योहान बाप्तिस्ताच्या आईचे नाव तो तसेच लिहितो. आपल्या मराठी बायबलात मात्र भाषांतरकारांनी हिब्रू रूपाकडे परत जाऊन तिला अलीशिबा म्हटले आहे. त्यामुळे रविवारच्या वाचनात अलीशिबा ऐकणाऱ्या एखाद्या एलिझाबेथला आपलेच नाव वाचले जात आहे हे कळत नाही!

लूकच्या पहिल्या अध्यायात एक गोष्ट दडलेली आहे, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जखऱ्या या नावाचा अर्थ देवाने स्मरण केले. योहान म्हणजे देव कृपाळू आहे. अलीशिबा म्हणजे देवाची शपथ. आता मुलाच्या जन्मानंतर जखऱ्याची वाचा परत येते तेव्हा त्याने गायिलेले स्तोत्र उघडून पाहा. बहात्तराव्या आणि त्र्याहत्तराव्या ओवीत तो देवाच्या दयेविषयी, देवाने कराराचे स्मरण ठेवल्याविषयी आणि अब्राहामाला वाहिलेल्या शपथेविषयी एकामागून एक बोलतो. मुलगा, बाप आणि आई अशी तिघांची नावे त्या स्तोत्रात ओवली गेली आहेत. ग्रीक वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, हिब्रू जाणणाऱ्याच्या येते. अहरोनाच्या बहिणीचे नाव मिर्याम होते, म्हणजेच मरिया. जुन्या करारात एलिशेबा आणि मिर्याम या नणंद-भावजया होत्या. नव्या करारात ही दोन नावे यहूदियाच्या डोंगराळ भागातील एका घराच्या दारात पुन्हा भेटतात. 'नमो मरिया' या प्रार्थनेत देवदूताच्या अभिवादनानंतर जे शब्द आपण रोज म्हणतो, ते त्या दारात उभ्या असलेल्या अलीशिबेचे आहेत.

पहिल्या हजार वर्षांत हे नाव पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांत अधिक रुळले. पश्चिमेतही ते होते. जर्मनीत शोनाऊच्या मठातील एलिझाबेथ नावाची धर्मभगिनी बाराव्या शतकात प्रसिद्ध होती. परंतु या नावाला युरोपभर घरोघरी पोहोचविले ते एका चोवीस वर्षांच्या विधवेने.

एलिझाबेथचा जन्म १२०७ सालचा. वडील हंगेरीचा राजा अँड्र्यू दुसरा, आई गर्ट्रूड. राजघराण्यातील मुलींची लग्ने तेव्हा पाळण्यातच ठरत. चार वर्षांच्या एलिझाबेथला १२११ साली जर्मनीतील थुरिंगिया प्रांताच्या दरबारात पाठविण्यात आले. तिथल्या अधिपतीच्या थोरल्या मुलाशी तिचे लग्न ठरले होते, आणि तिने लहानपणापासून सासरच्या चालीरीतीत वाढावे असा बेत होता. आई तिला पुन्हा दिसली नाही. १२१३ साली हंगेरीतील सरदारांनी कट करून गर्ट्रूडचा खून केला. तीन वर्षांनी नियोजित वरही मरण पावला. आता या परक्या मुलीचे काय करायचे, तिला माहेरी परत धाडावे काय, अशी कुजबूज दरबारात सुरू झाली. तेव्हा धाकटा भाऊ लुडविग याने तिच्याशी लग्न करण्याचा निश्चय केला. १२२१ साली त्यांचे लग्न झाले. ती चौदा वर्षांची होती, तो वीस वर्षांचा.

हे लग्न राजकारणासाठी ठरलेले असले तरी संसार प्रेमाचा झाला. संतचरित्रे लिहिणारे पुष्कळदा लग्नाविषयी घाईघाईने बोलून पुढे जातात, जणू काही पावित्र्य नंतरच सुरू होते. एलिझाबेथच्या बाबतीत तसे करता येत नाही. नवरा गावाला गेला की ती साधे कपडे घाली आणि तो परत येणार असला की नटून सामोरी जाई. जेवणाच्या वेळी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वेगळे न बसता ती नवऱ्याशेजारी बसे. रात्री प्रार्थनेला उठता यावे म्हणून तिने दासीला पाय हलवून जागे करायला सांगितले होते. एकदा अंधारात दासीने चुकून लुडविगचाच पाय ओढला. त्याने काय झाले ते ओळखले आणि राग मानला नाही.

हे सारे आपल्याला कसे कळते? एलिझाबेथच्या मृत्यूनंतर तिला संत घोषित करण्याची चौकशी झाली, त्यात तिच्या चार सखी-दासींच्या शपथेवर साक्षी घेण्यात आल्या. त्यातली गुडा तर चार-पाच वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर वाढलेली. त्या साक्षी आजही उपलब्ध आहेत. म्हणून आठशे वर्षांपूर्वीची ही स्त्री आपल्याला इतकी जवळून दिसते.

त्या साक्षीतील एक प्रकरण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मारबुर्गचा कॉन्राड नावाचा एक धर्मगुरू तिचा आध्यात्मिक मार्गदर्शक झाला होता. त्याने तिला एक नियम घालून दिला. गरीब शेतकऱ्यांकडून अन्यायाने वसूल केलेले अन्न तिने खायचे नाही. एलिझाबेथने हा नियम अक्षरशः पाळला. दरबारी मेजवानीत नवऱ्याशेजारी बसून ती वाढणाऱ्यांकडे चौकशी करी, हे मांस कुठून आले, ही भाकरी कुणाच्या शेतातली, हा द्राक्षारस कोणत्या मळ्यातला? अन्न योग्य मार्गाने आलेले असेल पण द्राक्षारस नसेल, तर ती दासींना सांगे की आज फक्त खायचे. उलट असेल तर फक्त प्यायचे. दोन्ही योग्य असले की टाळ्या वाजवून आनंद व्यक्त करी. दोन्ही अयोग्य असले तर त्या सगळ्या भरल्या पंगतीतून उपाशी उठत. आपण जेवत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती समोरच्या अन्नाचे तुकडे करून इकडचे तिकडे करी.

लोकांनी तिला नावे ठेवली, नवऱ्याला दोष दिला. लुडविगचे म्हणणे असे होते की लोकांच्या बोलण्याची भीती नसती तर आपणही तसेच वागलो असतो. भिकाऱ्याला भाकरी देणे कुठल्याही सरदाराच्या पत्नीला शोभून दिसत होते, त्याचे कुणाला वावडे नव्हते. ही भाकरी आपल्या ताटात आली कशी, असे विचारणे मात्र दरबाराला सहन होणारे नव्हते. पुढे तिच्या वाट्याला जे आले त्याची मुळे येथे आहेत असे आमचे मत आहे.

१२२६ साली थुरिंगियात मोठा दुष्काळ पडला. लुडविग सम्राटाच्या कामासाठी इटलीत होता, कारभार एलिझाबेथच्या हाती होता. वार्टबुर्गचा किल्ला उंच डोंगरावर आहे, आयझेनाख गावाच्या वर. तिने राज्याची कोठारे उघडली. एकाच दिवशी सगळे वाटून टाकले नाही, तर प्रत्येकाला त्या दिवसापुरते मिळावे अशा बेताने रोज वाटले. किल्ल्याचा चढ ज्यांना झेपत नव्हता अशा आजाऱ्यांसाठी पायथ्याशी अठ्ठावीस खाटांचे इस्पितळ उभे केले आणि दिवसातून दोनदा ती स्वतः खाली उतरून तिथे जाऊ लागली. पीक कापणीला आले तेव्हा धडधाकट माणसांना तिने विळे दिले, सदरे दिले, कापलेल्या शेतात पाय सोलवटू नयेत म्हणून पादत्राणे दिली, आणि कामाला लावले. लुडविग परतला तेव्हा कारभाऱ्यांनी तक्रारींचा पाढा वाचला. किल्ले आपल्या ताब्यात आहेत ना, मग तिला देवासाठी द्यायचे ते देऊ द्या, एवढेच तो म्हणाला.

आता गुलाबांची गोष्ट. एलिझाबेथच्या मूर्तीत तिच्या पदरात गुलाबाची फुले असतात. ती गरिबांसाठी भाकऱ्या घेऊन निघाली असता वाटेत तिला अडविण्यात आले, आणि पदर उघडताच भाकऱ्यांच्या जागी गुलाब दिसले, अशी ही सुंदर आख्यायिका आहे. मात्र त्या चार दासींच्या साक्षीत गुलाबांचा उल्लेख नाही. ही कथा नंतरची आहे. आणि तिच्यात लुडविगला कधी कधी कडक नवरा म्हणून रंगविले जाते, तो त्याच्यावर अन्याय आहे. बायकोच्या पदरात काय आहे हे त्याला चांगले ठाऊक होते.

१२२७ साली लुडविग धर्मयुद्धासाठी निघाला. पवित्र भूमीपर्यंत तो पोहोचलाच नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला ओत्रांतो येथे ११ सप्टेंबर रोजी तापाने त्याचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एलिझाबेथला तिसरे अपत्य झाले, गर्ट्रूड. पतीच्या निधनाची बातमी तिला बाळंतपणानंतर मिळाली. ती वीस वर्षांची होती. आपल्यासाठी सारे जग आता मेले, असे म्हणत ती वेड्यासारखी किल्ल्यातून धावत सुटली, असे सांगतात.

त्याच हिवाळ्यात तिने वार्टबुर्ग सोडले. दासींच्या साक्षीनुसार सासरच्या मंडळींनी आणि सरदारांनी तिला बाहेर काढले. दीर हाइनरिख रास्पे आता सत्तेवर होता. अन्यायाचे अन्न खावे लागू नये म्हणून ती स्वतःच बाहेर पडली, असे काही इतिहासकार मानतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली रात्र तिने गावातील एका खानावळीच्या आवारात, जिथे पूर्वी डुकरे ठेवली जात, अशा जागेत काढली. मध्यरात्री ती उठली, फ्रान्सिस्कन बंधूंच्या मठात गेली आणि त्यांना देवाचे आभार मानणारे 'ते देउम' स्तोत्र गाण्याची विनंती केली. ज्या गावाला तिने दुष्काळात जगविले त्या गावात तिला आसरा द्यायला कुणी धजेना. चिखलाच्या अरुंद वाटेवर एका म्हातारीने तिला ढकलून पाडले. पूर्वी याच म्हातारीला तिने औषधपाणी केले होते. एलिझाबेथ हसत उठली आणि कपडे धुऊन पुढे गेली.

मामा बांबेर्गचे बिशप होते. त्यांनी तिचा दुसरा विवाह करून द्यायचे ठरविले आणि ती नको म्हणते म्हणून तिला पोटेनस्टाइनच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. तेवढ्यात लुडविगच्या अस्थी इटलीहून आल्या. त्या अस्थींपुढे तिने केलेली प्रार्थना साक्षीत नोंदलेली आहे. त्याच्यासोबत राहण्यासाठी आपण सारे जग दिले असते, दोघांनी भीक मागत हिंडायलाही आपण तयार होतो, पण देवाच्या इच्छेविरुद्ध एका केसाच्या मोलानेही त्याला परत मागणार नाही, असा तिचा आशय होता.

१२२८ सालच्या गुड फ्रायडेला आयझेनाखच्या फ्रान्सिस्कन चॅपेलमध्ये वेदीवर हात ठेवून तिने घरदार, मुले आणि स्वतःची इच्छा यांचा त्याग केला. मुलांचा त्याग हे वाचताना आजच्या आयांना कसेतरी वाटेल, आम्हालाही वाटते. थोरला हर्मान गादीचा वारस होता, दुसरी सोफिया, आणि गर्ट्रूड दीडेक वर्षांची होताच आल्टेनबेर्गच्या मठात दिली गेली. ती पुढे त्याच मठाची प्रमुख झाली.

विधवा म्हणून तिच्या हक्काचे दोन हजार मार्क तडजोडीने तिला मिळाले. ते पैसे घेऊन ती मारबुर्गला आली आणि तिथे तिने इस्पितळ बांधले. त्याला नुकतेच संत घोषित झालेल्या असिसीच्या फ्रान्सिसचे नाव दिले. एके दिवशी तिने पाचशे मार्क गरिबांना वाटले. संध्याकाळी धट्टीकट्टी माणसे निघून गेली, चांदणे पडले, आणि आजारी व अशक्त माणसे कुंपणाशी, अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिलेली तिला दिसली. तिने त्यांना पुन्हा पैसे दिले, भाकरी दिली, शेकोट्या पेटविल्या, त्यांचे पाय धुवून तेल लावायला लावले. थोड्या वेळाने ते लोक गाऊ लागले. ते ऐकून ती दासींना म्हणाली की माणसांना आनंदी केले पाहिजे, असे मी तुम्हाला सांगत आले होते ना.

या काळातला कॉन्राड आम्हाला समजत नाही, आणि तो समजून घेण्याचा आव आम्ही आणणार नाही. त्याने तिला अतिरेकी दानापासून अडविले, ते एकवेळ ठीक. सर्वस्व देऊन टाकून ती दारोदार भीक मागायला निघाली होती, तेही त्याने थांबविले. पण बालपणापासूनच्या गुडा आणि इजेनट्रूड या सख्यांना त्याने तिच्यापासून तोडले, त्यांच्या जागी कठोर बायका ठेवल्या, आणि आज्ञाभंगासाठी तिला मारही दिला. हाच कॉन्राड पाखंडी लोकांचा कडक चौकशी अधिकारी होता आणि १२३३ साली त्याचा खून झाला. तिला संतपद मिळावे म्हणून रोमकडे पहिला पाठपुरावा त्यानेच केला, हेही खरे. एलिझाबेथचे पावित्र्य त्या मारामुळे घडले असे काही जुन्या पुस्तकांत सुचविलेले असते. आम्ही तसे मानत नाही. दुष्काळात विळे वाटणारी एलिझाबेथ कॉन्राडच्या छड्यांच्या आधीची आहे.

इस्पितळात ती रोग्यांना आंघोळ घाली, त्यांची अंथरुणे बदली, भांडी घाशी. पोटासाठी आल्टेनबेर्गच्या मठातून लोकर आणून ती सूत कातत असे आणि त्याची मजुरी घेत असे. वडिलांनी तिला परत आणायला हंगेरीहून एका सरदाराला पाठविले. राजाची मुलगी चरख्यावर बसलेली पाहून तो रडला. ती गेली नाही. १७ नोव्हेंबर १२३१ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेवला.

साडेतीन वर्षांत, १२३५ च्या पेंटेकॉस्ट सणाला, पोप ग्रेगरी नववे यांनी तिला संत घोषित केले. पुढल्या वर्षी १ मे रोजी तिचे अवशेष समारंभाने बाहेर काढण्यात आले तेव्हा सम्राट फ्रेडरिक दुसरा स्वतः हजर होता आणि त्याने तिच्या मस्तकावर सोन्याचा मुकुट ठेवला. आयुष्यात तिने चर्चमध्ये क्रूसापुढे आपला मुकुट उतरवून ठेवलेला होता, हे तिथल्या किती जणांना आठवले असेल कोण जाणे. मारबुर्गला तिच्या कबरीवर उभे राहिलेले चर्च जर्मन भूमीवरील पहिल्या गॉथिक चर्चपैकी एक आहे. १५३९ साली तिच्याच वंशातील, पण प्रोटेस्टंट झालेल्या फिलिपने यात्रा बंद पाडण्यासाठी तिच्या अस्थी तेथून हलविल्या.

नाव मात्र कुणाला हलविता आले नाही. तेराव्या शतकापासून युरोपात एलिझाबेथच एलिझाबेथ झाल्या. तिच्या मायदेशी ती एर्झेबेत, लाडाने एर्झी. पोलंडमध्ये एल्झबिएता, स्लोवाकियात आल्झबेता. तेथील कोशित्से शहराचे कॅथेड्रल तिच्याच नावाचे आहे. जर्मनांनी त्याचे तुकडे करून एल्झे, इल्झे, लिझल अशी नावे केली. इटलीत एलिझाबेत्ताची लिझा झाली, आणि मोना लिझा चित्रातील बाईंचे नावही तेच. इंग्रजांनी तर बेस, बेट्टी, बेथ, लिझ, एल्सी अशी इतकी रूपे पाडली की एकाच कुटुंबात ती वेगवेगळी नावे म्हणून दोन बहिणींना देता यावीत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५५८ ते १६०३ मध्ये, इंग्लंडात कॅथलिक धर्मगुरूंना फाशी जावे लागले, तरी तिथल्या कॅथलिक आयांनी हे नाव टाकले नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेत आणि स्पेन-पोर्तुगालात मात्र नावाचा चेहराच बदलला. शेवटचा 'थ' तिथल्या जिभेला जमेना, त्याचा 'ल' झाला. सुरुवातीचा 'एल' गळून पडला. एलिझाबेथची इझाबेल झाली. आपल्या संताच्या सावत्र बहिणीच्या नातीला तिच्यावरूनच हे नाव ठेवले होते. तीच पोर्तुगालची राणी संत इझाबेल (१२७१-१३३६). तिनेही गरिबांना अन्न दिले, तिनेही वैधव्यात फ्रान्सिस्कन वस्त्रे घातली, आणि गुलाबांची आख्यायिका तिच्याही नावावर सांगितली जाते. ती संत घोषित झाली १६२५ साली, म्हणजे वसईत पोर्तुगीज अंमल होता तेव्हा. तो १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षे चालला. आपल्या वसईत आणि गोव्यात इझाबेल आली ती पोर्तुगीज भाषेबरोबर. एलिझाबेथ, लिझी, एल्सी आल्या त्या पुढे इंग्रजी राज्यात. त्यामुळे आजी इझाबेल आणि नात एलिझा असेल, तर आजीचे नाव नातीला ठेवण्याची आपली जुनी पद्धत त्या घरात नकळत पाळली गेली आहे.

केरळात हे नाव युरोपला वळसा न घालता आले. तिथल्या सिरियन परंपरेने जपलेले रूप आहे एलीश्वा. त्यात ग्रीक 'थ' नाही, ते हिब्रूच्या जवळचे आहे. हे नाव धारण करणाऱ्या मदर एलीश्वा (१८३१-१९१३) तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी एक मुलगी होती. १८६६ साली त्यांनी कूनम्मावू येथे मुलगी आणि बहिणीसह कार्मेल परंपरेतील धर्मभगिनींचा संघ सुरू केला आणि मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी कोचीजवळील वल्लारपाडम येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. हंगेरीच्या एलिझाबेथने मुलीला मठात सोडले होते. एलीश्वाची मुलगी आईबरोबरच मठात राहिली.